रॉक क्रॉलिंगची बगी बांधताय? वेल्डिंगच्या आधी कोब्यावर आखा

रॉक क्रॉलिंग म्हणजे मोठ्या दगडांवरून गाडी हळूहळू चढवायचा खेळ, आणि बगी म्हणजे त्यासाठी पाइपच्या सांगाड्यावर स्वतः बांधलेली गाडी. ती बांधायला निघालेली पोरं माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. इंजिन कुठलंही धडधाकट चालतं. दगडावर गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू चढते, तिथे ताकद गिअरांमधून काढायची असते. पहिल्या गिअरचा रेशो, ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो आणि डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) रेशो यांचा गुणाकार करा. ३.५, २.४६ आणि ५.३८ असतील तर साधारण ४६ येतात, म्हणजे इंजिन ४६ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. माझ्या मते ४० च्या खाली गेलात तर क्लच जाळत बसाल. जुन्या महिंद्रा जीपच्या ॲक्सलमध्ये ५.३८ चा रेशो मिळतो, म्हणून भंगारात मी आधी तेच शोधतो.

ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणी असलेल्या जीपचाच सांगाडा बदलून चालवू म्हणाल, तर गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. ट्रेलरवर चढवा आणि दगडापाशी उतरवा.

सांगाड्यासाठी सीमलेस (बिनजोड) किंवा सीडीडब्ल्यू (वेल्ड करून थंड ओढलेला) पाइप घ्या, बाहेरचा व्यास पावणेदोन इंच आणि जाडी ३ मिलिमीटर. नळाचा जीआय पाइप कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. एक तर तो या कामासाठी बनलेलाच नाही, आणि जस्ताचा लेप वेल्डिंगला जळला की त्याचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप भरतो. वाकवताना पाइप आतून चेपला तर तो तुकडा फेकून द्या. जोडाच्या टोकाला दुसऱ्या पाइपची गोलाई घट्ट बसेल अशी खाच पाडा; फट वेल्डने भरून काढणारा मिस्त्री मी शेडमध्ये उभा करत नाही. वेल्डिंग सीओटू किंवा टिग, दोन्ही चालतं.

आता खरं अवघड काम. मागचा ॲक्सल सांगाड्याला जोडणाऱ्या चार लिंक, म्हणजे दांड्या.

दोन खालच्या, दोन वरच्या. ॲक्सलला पुढे-मागे आणि आडवं धरून ठेवायचं काम या चार दांड्यांचं. स्प्रिंग फक्त वजन पेलते. एवढी एक गोष्ट समजायला मला अख्खी एक बगी उलटवावी लागली.

सोलापूरजवळ तुळजापूर रस्त्याकडच्या एका बंद खाणीत गुडघ्याच्या वर जाणारी कातळाची पायरी होती. पुढची चाकं चढली. मागची चाकं पायरीला टेकली, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला. चाकं टप्पे खायला लागली. तिसऱ्या टप्प्याला पुढची चाकं हवेत गेली आणि बगी मागच्या मागे उलटली. पाइपचा पिंजरा टिकला, सीटचे पट्टे टिकले, आणि खाली उभा राहून वाट दाखवणारा माझा भाऊ वेळेत बाजूला झाला. त्यानंतर ज्याने त्याने एकच सल्ला दिला: स्प्रिंग कडक कर. तीन महिने मी स्प्रिंगा आणि शॉकअब बदलत राहिलो, टप्पे तसेच. दोष लिंकच्या कोनांत होता, आणि तो मला कळला लेथवाल्या अण्णांच्या शेडमध्ये. यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "कागदावर काय काढतोस बे, कोब्यावर काढ. खऱ्या मापात."

तेव्हापासून मी असंच करतो. गाडी बाजूने दिसते तशी काढायची. गवंड्याची नीळ लावलेली दोरी घ्या आणि जमिनीची एक आडवी रेघ मारा. तिच्यावर दोन्ही ॲक्सलच्या उभ्या रेघा, मध्ये तुमचा व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर. माझा १०० इंच आहे. ३७ इंची टायर वजनाखाली थोडा दबतो, म्हणून ॲक्सलचा मध्य १८ इंचांवर धरा. खालच्या लिंकचं ॲक्सलकडचं टोक या मध्याच्याच उंचीला ठेवा. त्याखाली ब्रॅकेट लोंबला की तोच दगडात अडकतो. वरच्या लिंकचं टोक त्याच्या वर टायरच्या साधारण पाव उंचीवर, म्हणजे ९ इंच वर. मग सांगाड्याकडची टोकं मांडून दोन्ही रेघा पुढे वाढवत न्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडूने फुली करा.

आता मागचं चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूपासून फुलीतून जाणारी दोरी ताणा. ती पुढच्या ॲक्सलच्या उभ्या रेघेला किती उंचीवर लागते ते मोजा आणि गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून १०० ने गुणा. गुरुत्वमध्य मोजायची सोय नसेल तर बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कवचाच्या) सगळ्यात वरच्या बोल्टची उंची धरून चाला, फार चुकत नाही. हा जो टक्का येतो त्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. चारही चाकं ओढत असताना खरा परिणाम याहून वेगळा असतो, पण दोन मांडण्यांची तुलना करायला ही रीत पुरते.

माझ्या उलटलेल्या बगीचं गणित सांगतो. बाजूने पाहता खालची लिंक ३६ इंच, वरची ३२. सांगाड्याकडे खालचं टोक २२ इंचांवर, वरचं २५ वर. दोरी पुढे ४६ इंचांच्या आसपास लागली. गुरुत्वमध्य ३४ इंचांवर, म्हणजे टक्का १३५. शंभराच्या वर इतकं गेलं की ॲक्सिलरेटर दाबताच लिंका गाडीचा मागचा भाग वर ढकलतात, पकड सुटली की तो खाली आपटतो, आणि टप्पे सुरू. मी सांगाड्याकडचं खालचं टोक २ इंच खाली घेतलं, वरचं १ इंच वर. टक्का ६७ वर आला. स्प्रिंगा त्याच ठेवल्या आणि त्याच पायरीवर बगी मांजरासारखी चढली. आता मी ६० ते ८० च्या बाहेर जात नाही.

इथे एक चूक हमखास होते. वरच्या दोन लिंका वरून पाहिल्या तर व्हीच्या आकारात बसतात आणि त्यांच्यातला कोन किमान ४० अंश हवा, नाहीतर ॲक्सल आडवा हलतो. त्या तिरप्या असल्यामुळे कोब्यावर त्यांची टेपने मोजलेली लांबी घ्यायची नाही, बाजूने दिसते तेवढीच घ्यायची. मी दुसऱ्या बगीला पूर्ण लांबी धरली आणि आखणी पुन्हा करावी लागली.

सांगाड्याकडच्या ब्रॅकेटना इंचाइंचावर तीन-तीन भोकं ठेवा. लिंकच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणजे दांडी न काढता लांबी बदलता येते. ब्रॅकेट नुसते वेल्डच्या छोट्या टाक्यांवर धरा आणि स्प्रिंगा काढून ठेवा. जॅकने एक चाक पार वर घ्या, दुसरं पार खाली सोडा, मग उलट करा. प्रोपेलर शाफ्टचा सांधा अडतो का, लिंक पाइपला घासते का, रॉड एंडचा (लिंकच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचा) कोन संपतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, हे हाताने चाचपून बघा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. मगच पूर्ण वेल्ड, आणि तोही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकाच बाजूला सलग वेल्ड मारलात तर सांगाडा ओढला जातो आणि कोब्यावरची सगळी मेहनत वाया जाते.

पुढची चाकं वळवायला ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचा ऑर्बिटल व्हॉल्व्ह (स्टिअरिंग फिरवलं की तेल सोडणारा) आणि त्या तेलाने चालणारा सिलिंडर बसतो. डिफरन्शियल पुढचं-मागचं दोन्ही लॉक करा, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. डिझेलची टाकी पिंजऱ्याच्या आत घ्या, बॅटरी पट्टीने आवळा आणि मेन स्विच बसल्या जागेवरून हाताला लागेल असा लावा. चार ठिकाणी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि आग विझवायचा सिलिंडर नसेल तर गाडी सुरूच करू नका.

रेडिएटरचं मात्र आपल्याकडे वेगळं बघावं लागतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि क्रॉलिंगमध्ये गाडीला समोरून वारा लागत नाही. रेडिएटर मागे, सीटच्या वरच्या बाजूला घ्या आणि दोन इलेक्ट्रिक पंखे लावा. पुढे ठेवलात तर पहिल्याच घसरणीत दगड आत शिरेल.

स्पर्धेत खांबांच्या मधून वाट काढायची असते. खांबाला लागलं की दंड, गाडी मागे घेतली की दंड, आणि सगळ्यात कमी गुण असणारा जिंकतो. म्हणून सरावाला खाणमालकाची परवानगी घ्या, दोन काठ्या रोवा आणि फूटभर पायरीपासून सुरुवात करा. टायरमध्ये ८ पौंड हवा ठेवा, बीडलॉक रिम (टायरची कड बोल्टने आवळून धरणारी) असेल तरच. आपला काळा कातळ कोरडा असताना चांगला धरतो, पण क्रशरची भुकटी पसरलेली असेल तर आधी खराट्याने झाडून घ्या. पहिल्या तासानंतर गाडी खाली घ्या, लिंकचा प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा, आवळलेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढा आणि ब्रॅकेटच्या वेल्डवर टॉर्च मारून केसाएवढी चीर दिसते का बघा.