इंटरनेट असताना हॅम रेडिओ कशासाठी शिकायचा?

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायचा बिनतारी रेडिओ. त्याच्या परवाना परीक्षेची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. बहुतेकदा तो घरच्यांनी विचारलेला असतो. हातातल्या फोनवरून जगात कुठेही फुकट बोलता येतं, मग परीक्षा द्या, परवाना काढा, गच्चीवर तारा ओढा, हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. परीक्षेला बसण्याआधीच त्याचं उत्तर आपल्यापुरतं स्पष्ट असलेलं बरं. कारण ‘लांबच्या माणसाशी बोलता येतं’ एवढ्याच ओढीनं आलेल्यांची नवलाई लवकर ओसरते आणि रिग (रेडिओ संच) कपाटात जाते. असं होताना मी बऱ्याचदा पाहिलंय.

मला जे उत्तर सापडलं ते असं: दोन अँटेनांमधला सगळा रस्ता इथे आपल्याला स्वतः समजून घ्यावा लागतो. फोनच्या मागे टॉवर, फायबर, समुद्राखालच्या केबल, सर्व्हर अशी भलीमोठी यंत्रणा दुसऱ्यांनी उभी केलेली असते आणि आपण तिचे ग्राहक असतो. शॉर्टवेव्हवर (आखूड रेडिओ लहरींवर) मात्र आपला ट्रान्समीटर, आपली तार, वर आयनोस्फिअर (लहरींना परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा थर) आणि पलीकडे आणखी कुणाची तरी तार, एवढंच. संपर्क झाला तर का झाला, नाही झाला तर कुठे अडलं, हे आपणच शोधायचं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत हौशी रेडिओ सेवेची, म्हणजे हॅमची, तीन कामं दिली आहेत: स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क साधणं आणि तांत्रिक शोध घेणं, आणि हे सगळं आर्थिक फायद्याविना. यातल्या संपर्काला इंटरनेटनं सोपा पर्याय दिला. उरलेल्या दोन कामांना धक्का लागला नाही, उलट ती आता जास्त चांगली करता येतात.

हौशींच्या पायाखालची जमीन सरकण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९१२च्या अमेरिकी कायद्यानं त्यांना २०० मीटर आणि त्याहून आखूड तरंगलांबीवर ढकललं. या लहरी लांबच्या संपर्काला निरुपयोगी, असा तेव्हाचा समज होता. पण हौशी तिथेच प्रयोग करत राहिले आणि नोव्हेंबर १९२३मध्ये ११० मीटरच्या आसपास अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशींचा अटलांटिकपार दुतर्फा संपर्क झाला. आखूड लहरींची खरी ताकद कळल्यावर व्यावसायिक केंद्रंही तिकडे धावली. पुढे डिसेंबर १९६१मध्ये, म्हणजे स्पुटनिकनंतर चारच वर्षांनी, हौशींनी बनवलेला ऑस्कर-१ हा उपग्रह कक्षेत गेला.

इंटरनेटशीही आपलं नातं जुनं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, इंटरनेट अजून बाल्यावस्थेत असताना, हौशींच्या पॅकेट रेडिओ (रेडिओवरून संगणकांचा डेटा पाठवणं) प्रयोगांसाठी ‘४४’नं सुरू होणारे सगळे आयपी पत्ते राखून ठेवले गेले. हे जवळजवळ १ कोटी ६७ लाख पत्ते. २०१९मध्ये त्यातला एक चतुर्थांश भाग ॲमेझॉनला विकला गेला आणि त्या पैशातून आता संशोधन आणि शिष्यवृत्त्यांना अनुदान मिळतं. त्यामुळे ‘इंटरनेट विरुद्ध हॅम’ असा सामना मांडणं मला पटत नाही.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. परवाना हातात येण्याआधी ऐकायला लागा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला रिसीव्हर ब्राउझरवरून कुणालाही चालवता येतो. त्यावर रोज थोडा वेळ ४० मीटर आणि २० मीटरचे बँड (तरंगलांबीवरून ओळखले जाणारे फ्रीक्वेन्सींचे पट्टे) ऐका. सूर्य मावळल्यावर ४० मीटरवर लांबची स्टेशनं कशी वर येतात, २० मीटर दिवसा कसा जागा असतो, हे पुस्तकात वाचण्याआधी कानाला कळलेलं चांगलं. सिंगल साइडबँडचा (या बँडवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा) आवाज आधी बदकासारखा वाटतो. डायल हळूहळू फिरवत तो माणसाच्या आवाजावर आणण्याचं कसब सरावानंच येतं.

पण फार दिवस दुसऱ्याच्या रिसीव्हरवर राहू नका. स्वतःचा रिसीव्हर लावलात की आयनोस्फिअरच्या आधी घरातल्या गोंगाटाशी गाठ पडते. चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचा ॲडॅप्टर, सगळे आपापली खरखर बँडवर ओततात. ती शोधायची पद्धत साधी आहे. रिसीव्हर बॅटरीवर चालवायचा, घरातल्यांना विचारून मेन स्विच बंद करायचा आणि एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारं मापक) बघायचा. सुई सातवरून तीनवर आली, तर गोंगाट घरातलाच. मग एकेक एमसीबी चालू करत जायचं. कोणत्या एमसीबीला सुई उसळते ते कळलं, की त्या लाइनवरचे प्लग एकेक करून काढायचे. एस-मीटरची एक पायरी म्हणजे ६ डेसिबल, हे परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. पण एक चार्जर काढल्यावर चार पायऱ्या खाली आलेली सुई बघितली, की डेसिबल म्हणजे काय ते कायमचं कळतं. माझ्या मते नवशिक्यानं करायचा हा पहिला प्रयोग आहे, आणि त्यात काही प्रसारितही करावं लागत नाही.

दुसरा प्रयोग अँटेनाचा. पहिली अँटेना विकत घेऊ नका, बनवा. अर्धतरंग डायपोलची (दोन सारख्या तारांच्या साध्या अँटेनाची) लांबी मीटरमध्ये हवी असेल, तर १४३ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रीक्वेन्सीनं भागायचं. १४.१ मेगाहर्ट्झसाठी ती १० मीटरच्या जरा वर येते, म्हणजे एकेक भुजा ५ मीटरची. तार थोडी जास्त ठेवून टांगा आणि अँटेना ॲनालायझर लावा. एसडब्ल्यूआरची (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याच्या मापाची) दरी, म्हणजे आलेखातला सर्वांत खालचा बिंदू, हव्या त्या फ्रीक्वेन्सीच्या खाली दिसली, तर तार लांब आहे. टोकाकडून थोडी दुमडून घ्या आणि पुन्हा मोजा. कापायची घाई करू नका. अँटेना भिंतीजवळ किंवा खाली आणली तर दरी कशी सरकते, तेही बघून घ्या. वीज वाहणाऱ्या तारांपासून मात्र ती लांबच हवी, त्याबाबत तडजोड नाही.

आणि इथे इंटरनेट खऱ्या अर्थानं कामाला येतं. परवाना मिळाल्यावर त्या डायपोलवरून डब्ल्यूएसपीआर (क्षीण सिग्नल कुठवर पोचतो ते तपासणारी डिजिटल पद्धत) चालवा. यात फक्त आपला कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारी ओळख), जागेचा ग्रिड लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचा संकेतांक) आणि पॉवर, एवढाच मजकूर जवळजवळ दोन मिनिटं अगदी सावकाश पाठवला जातो. २०० मिलिवॉटसुद्धा पुरतात. जगभरातले रिसीव्हर तो पकडून नोंद नेटवर चढवतात. रात्रभर चालवून सकाळी नकाशा उघडायचा. कुठल्या दिशेला सिग्नल गेला, किती वाजता बँड बंद झाला, सगळं समोर असतं. डायपोलची दिशा बदला, पुन्हा एक रात्र चालवा, नकाशे शेजारी ठेवा. पूर्वी हे कळायला महिनोन्‌महिने क्यूएसएल कार्डांची (संपर्काच्या टपाली पोचपावत्यांची) वाट बघावी लागायची. याच नोंदींचा उपयोग शास्त्रज्ञांनाही होतो. २१ ऑगस्ट २०१७च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हौशींनी ठरवून बँड गजबजते ठेवले, आणि सावली सरकताना आयनोस्फिअर कसं बदललं याचा अभ्यास त्या नोंदींवरून झाला.

एफटी८ या डिजिटल मोडबद्दल जुन्या मंडळींमध्ये बरीच नाराजी आहे. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये आणलेला हा मोड पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांमध्ये चालतो आणि कानाला ऐकूही न येणारे सिग्नल उकलतो. बोलणं म्हणून त्यात काही नसतं, कॉल साइन आणि सिग्नल रिपोर्टची देवाणघेवाण झाली की संपलं. ‘हा संगणकाचा संगणकाशी संपर्क’ ही तक्रार मला समजते, पण मान्य नाही. लहान जागेत, कमी पॉवरवर, सूर्यचक्राच्या मंदीतही (सूर्यावरचे डाग कमी असतानाही) बँडवर टिकून राहायला त्यानं अनेकांना मदत केली. फक्त तेवढ्यावर थांबू नका. सॉफ्टवेअर हा सिग्नल कसा उकलतं, घड्याळ एखाद-दोन सेकंद चुकलं तरी सगळं का कोलमडतं, हे शोधा. टेलर स्वतः लहानपणापासूनचे हॅम, पुढे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ झाले आणि त्यांना १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. क्षीण सिग्नल गोंगाटातून बाहेर काढणं हेच दोन्हीकडचं काम.

एकोलिंक (रेडिओ स्टेशनं इंटरनेटनं जोडणारी सोय) किंवा डिजिटल रिपीटरवरच्या (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावरच्या) गप्पा ओळखी वाढवायला छान. भीड चेपते, अनुभवी माणसं भेटतात. पण मधला रस्ता इंटरनेटचा असतो, त्यामुळे प्रपगेशन (लहरींचा प्रवास) तिथे शिकता येत नाही.

आणीबाणीतल्या सेवेविषयीही स्पष्ट बोलायला हवं. डिसेंबर २००४मध्ये भारतीय हॅम भारती प्रसाद यांची टीम हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होती. २६ तारखेच्या त्सुनामीनंतर मोहीम बाजूला ठेवून त्यांनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं. नेटवर्क कोसळल्यावर असं स्टेशन अमोल ठरतं. पण ते जमलं कारण स्टेशन उभं होतं आणि चालवणाऱ्यांचा हात बसलेला होता. परवाना काढून रिग खोक्यात ठेवलेला माणूस त्या दिवशी कुणाच्या कामी येत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारं स्टेशन तासाभरात उभं करण्याचा सराव अधूनमधून करा, आणि स्थानिक गटाच्या नेटवर (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीत) नियमित हजेरी लावा.

करिअरचं विचाराल, तर परवान्यावर नोकरी मिळत नाही. पण आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) डिझाइन, उपग्रहांची ग्राउंड स्टेशनं, सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, ईएमआय-ईएमसी (उपकरणांच्या विद्युत गोंगाटाच्या) चाचण्या, अशा कामांत ज्यानं स्वतः अँटेना ट्यून केली आहे आणि गोंगाटाचा माग काढला आहे तो लगेच ओळखू येतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवा: एसडब्ल्यूआरचे आकडे, अँटेनाची उंची, हवामान, नकाशांचे स्क्रीनशॉट. मुलाखतीत ‘मला रेडिओची आवड आहे’ म्हणण्यापेक्षा ती वही उघडून दाखवणं केव्हाही वजनदार. मोर्सची (टिंब-रेषांच्या संकेतांची) सक्ती २००३मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून गेली, पण शिकाच. मोर्सच्या ट्रान्समीटरइतक्या कमी सुट्या भागांत दुसरा कोणताच बनत नाही.

पहिल्या संपर्काच्या वेळी घसा कोरडा पडतो, सगळ्यांचाच पडतो. फ्रीक्वेन्सी रिकामी आहे का, ते आधी ऐका, मग विचारा. कॉल साइन सावकाश, फोनेटिकमध्ये (‘ए’साठी ‘अल्फा’ अशा शब्दांत) सांगा. सिग्नल रिपोर्ट खरा द्या, उगाच सगळ्यांना ‘फाइव्ह नाइन’ (म्हणजे उत्तम सिग्नल) वाटू नका. नाव आणि ठिकाण सांगून झाल्यावर पुढे काय बोलावं हे सुचलं नाही, तर ‘तुमची अँटेना कोणती?’ असं विचारा. उत्तर लांबलचक येतं, वही जवळ असू द्या.