बॉल पायथनची पेटी: जागा, ऊब आणि ओलावा

बॉल पायथन हा घाना, टोगो, बेनिन आणि आसपासच्या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील देशांत आढळणारा लहान चणीचा अजगर आहे. दिवसाचा बराचसा वेळ तो इतर प्राण्यांनी सोडलेल्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. त्यामुळे पेटी दिवाणखान्यात कशी शोभेल यापेक्षा तिच्यात बिळातला आडोसा, ऊब आणि दमटपणा कसा साधेल, याचा विचार आधी करावा.

भारतात हा साप पाळायचा असेल, तर पेटीच्याही आधी कागदपत्रे पाहावीत. बॉल पायथन साइटीस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असून, वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची मालकी नोंदवणे बंधनकारक झाले आहे. ही नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रांविना कोणी साप देत असेल, तर तो घेऊ नये. आपल्या रानातला भारतीय अजगर घरात ठेवणे हा तर गुन्हाच आहे.

पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी साधारण १२० ते १५० सेंटिमीटर भरते, नर त्याहून लहान असतो. प्रौढ सापासाठी १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच पेटी असावी. पीव्हीसीची, पुढून काच सरकणारी पेटी सर्वांत सोयीची, कारण ती ओलावा धरून ठेवते आणि वरून अचानक हात येण्याची भीती सापाला राहत नाही. सुताराकडून प्लायवूडची करून घेतल्यास आतून पाण्याला दाद न देणारा लेप द्यावा, सांधे सिलिकॉनने बुजवावेत आणि वास पूर्ण गेल्याशिवाय ती वापरू नये. काचेला कुलूप हवेच. साप रात्रभर नाकाने फट चाचपत राहतो आणि डोके मावले की उरलेले शरीर आपोआप बाहेर काढतो. एका पेटीत एकच साप ठेवावा.

पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे थंड असावे, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार जागा बदलतो. उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान राखावे आणि रात्रीही ते २४ अंशांखाली जाऊ देऊ नये. दिवसा हॅलोजन दिवा आणि रात्री प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, अशी जोडी चांगली चालते. दोन्हींना जाळीचे आवरण घालावे, कारण साप तापलेल्या दिव्याला विळखा घालून भाजून घेतो. उष्णतेचे प्रत्येक साधन थर्मोस्टॅटवरच (ठरवलेल्या तापमानानुसार ते चालू-बंद करणाऱ्या उपकरणावरच) चालवावे, यात कोणतीही सवलत घेऊ नये: थर्मोस्टॅटविना लावलेल्या हीट मॅटने (विजेवर तापणाऱ्या चटईने) पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात. दोन्ही टोकांना सेन्सरचे डिजिटल थर्मामीटर ठेवावेत.

मात्र थर्मोस्टॅट पेटी गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीच चाळिशीकडे जात असेल, तर हीटर बंद असूनही सापाला धोका असतो. अशा घरात कूलर किंवा एसीची सोय आधी करावी. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये.

आर्द्रता ५५ ते ७५ टक्के असावी. तळाशी नारळाच्या भुशाचा सात-आठ सेंमी जाड थर घालून कोपऱ्यांतून पाणी ओतावे, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. हा फरक जपावा. पोटाखाली सतत ओल राहिली तर खवले कुजतात, आणि हवा फार कोरडी झाली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते व डोळ्यांवर अडकून बसते. कोकणात पावसाळ्यात पाणी घालण्याऐवजी वायुवीजन वाढवावे लागते. देवदार किंवा पाइनचा भुसा वापरू नये, त्यांतील तेले श्वसनाला बाधतात.

दडायला किमान दोन जागा द्याव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. त्या इतक्या घट्ट असाव्यात की गुंडाळून बसलेल्या सापाचे अंग भिंतींना टेकेल. ऐसपैस गुहेत तो बिथरलेलाच राहतो आणि खाणे सोडतो. मधल्या मोकळ्या जागेत कृत्रिम पाने, सालपटे आणि एखादी जाड, पक्की बसवलेली फांदी ठेवावी. पाण्याचे भांडे जड असावे आणि पाणी रोज बदलावे.

विष्ठा दिसताच काढावी. पेटी फिनेलने कधीही पुसू नये, ते सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरते. पातळ केलेले क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरावे. त्या खोलीत डासांचा स्प्रे किंवा कॉइलही लावू नये.

साप आणण्यापूर्वी पेटी आठवडाभर रिकामीच चालवून पहाटेचे आणि दुपारचे आकडे लिहून ठेवावेत. वीज गेल्यावर ती किती वेळात थंड होते, हेही याच काळात कळते. साप आल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नये. त्यानंतर पहिले भक्ष्य द्यावे आणि दोन-तीनदा नीट खाल्ल्यावरच हाताळायला सुरुवात करावी.