शेती, ओलीत आणि ट्रायथलॉन : नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

ट्रायथलॉनचा सराव सुरू केला तेव्हा मी इंटरनेटवरून वीस आठवड्यांचं एक वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं होतं. वेळापत्रक चांगलं होतं. पण ते ज्याच्यासाठी लिहिलं होतं, तो माणूस सकाळी व्यायाम करून दिवसभर खुर्चीत बसणारा होता. मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे गावाच्या बाजूचा, सहा एकरांचा शेतकरी. आमच्याकडे कृषिपंपाची लाईन, म्हणजे वीज, पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बारा वाजता उठून हरभऱ्यात तुषार सिंचनाचे पाईप हलवायचे, तीनला पुन्हा हलवायचे. आणि साडेचारला मी सायकल काढत होतो, कारण वहीत तसं लिहिलं होतं.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला मजूर मिळेना, म्हणून घरच्यांनीच सोंगलं. दिवसभर वाकून विळा चालवायचा आणि पहाटे बारा-चौदा किलोमीटर धावायचं. तिसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीत एका बोटाच्या जागी दुखायला लागलं. मी तेल चोळून धावत राहिलो. शेवटी अमरावतीला तपासणी केली, तर हाडाला बारीक तडा निघाला. आठ आठवडे धावणं बंद. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करता?" मी म्हटलं, "काही नाही, शेती." ते म्हणाले, "मग ते काही नाही कसं?"

नव्या माणसाला सांगायची माझी मुख्य गोष्ट हीच आहे. शरीराचं खातं एकच असतं. वखर, डवरणी, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चाललेलं अंतर, वेचणी, रात्रीचं ओलीत म्हणजे पिकाला पाणी देणं, हे सगळं त्याच खात्यातून जातं. हाड, स्नायू आणि रक्त सरावाच्या वेळी मजबूत होत नाहीत, नंतरच्या झोपेत आणि जेवणात होतात. सराव फक्त मागणी टाकतो. म्हणून आता माझ्या वहीत दोन रकाने आहेत, शेत आणि सराव. शेताच्या रकान्यात चार तासांवर अंगमेहनत गेली की त्या दिवशीचा सराव अर्धा, किंवा नुसतं पोहणं.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, मध्ये घड्याळ न थांबवता. सगळ्यात लहान प्रचलित अंतराला स्प्रिंट म्हणतात : ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून खेळात असलेलं अंतर याच्या दुप्पट. हाफ आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. गोव्यात ही शर्यत २०१९ पासून आहे आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे नेमकी आपल्या सोंगणी-वेचणीत. त्यामुळे पहिल्याच वर्षी तिच्या मागे लागू नका. स्प्रिंटपासून सुरुवात करा. मला हाफपर्यंत जायला तीन वर्षं लागली आणि ती तिन्ही वर्षं लागायलाच हवी होती, असं आज वाटतं.

गावात काही जण म्हणतात हा मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांचा खेळ आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांचं पथक आपले व्यायामप्रकार दाखवून आलं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आरपार सायकलची शर्यत एकट्याने पूर्ण केली. अंग कमावणं या मातीला नवीन नाही.

पोहण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खेड्यातली बहुतेक पोरं इथेच फसतात. मला वाटायचं मला पोहता येतं. आठव्या वर्षी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो होतो. पण विहिरीत चार हात मारले की भिंत येते. अमरावतीच्या जलतरण तलावात पहिल्यांदा उतरलो तेव्हा ५० मीटरमध्ये धाप लागली. दम कमी नव्हता. मी डोकं वर काढून पोहत होतो, त्यामुळे पाय खाली जात होते आणि सगळी ताकद पाणी ढकलण्यात जात होती. श्वास पाण्यात असतानाच नाकातोंडाने हळूहळू पूर्ण सोडायचा, मग डोकं वर न उचलता बाजूला वळवून घ्यायचा. एवढं एक जमायला मला सहा महिन्यांचे रविवार लागले.

विहीर मात्र वाया जात नाही. आठवड्यातून दोनदा मी तिथे दोराला धरून पाय मारतो, पालथा तरंगतो, पाण्यात श्वास सोडण्याचा सराव करतो. पैसे खर्च करून शिकवणीला जायचं असेल तर पोहण्याच्याच शिकवणीला जा. कॅनॉलमध्ये कधी उतरू नका. काँक्रीटचे काठ शेवाळाने गुळगुळीत असतात आणि वाहत्या पाण्यातून वर चढता येत नाही. धरणात उतरायचं तर काठावर पोहणारा माणूस हवा, कमरेला बांधलेला भडक रंगाचा तरंगता फुगा हवा, आणि भिंत व दरवाज्यांपासून लांब राहायचं.

सायकलीला पहिल्या वर्षी फार पैसे घालू नका. मी जुनी घेतलेली रोड सायकल चार वर्षं चालवली. आपल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात, त्यामुळे दोन ट्यूब, पंप, ठिगळं आणि पंक्चर स्वतः काढायची सवय, एवढं पाहिजेच. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. गुळगुळीत दिसतो, मोह होतो, पण तिथे सायकल नेता येत नाही. चढाची सवय करायची तर हंगाम संपल्यावर एखाद्या दिवशी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट करा. पूर्ण उजाडल्यावरच निघा, तो जंगलाचा रस्ता आहे.

धावायला आमच्या गावात सोबत मिळते ती पोलीस भरतीच्या पोरांची. त्यांना १६०० मीटर मारायचे असतात, म्हणून ती रोज जीव तोडून धावतात. मीही सुरुवातीला त्यांच्यासोबत रोज तसाच धावलो आणि तिथेच चूक झाली. लांब पल्ल्याच्या माणसाचं बहुतेक धावणं इतकं हळू असावं, की सोबतच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत किंवा भजनाची एक ओळ न तुटता म्हणता आली पाहिजे. आठवड्यातल्या पाच वेळांपैकी चार वेळा असं, एकदा जोरात. हळू धावल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळायची सवय लागते. हे सगळं महिन्यामहिन्यांनी होतं. एक म्हातारबाबा पहाटे धुऱ्यावरून हाक द्यायचे, "काहून एवढा हळू रे बाबू, बरं नाही का?" मी त्यांना थांबून समजावून सांगायचो.

आता उन्हाबद्दल. हा भाग नीट वाचा.

एप्रिलच्या शेवटी मी मोझरीकडून लांबचा फेरा मारून परत येत होतो. साडेदहा वाजले होते. पाणी संपलेलं. अचानक थंडी वाजायला लागली, अंगावर काटा आला. एवढ्या उन्हात थंडी वाजते आहे याचं मला आश्चर्यही वाटलं नाही, कारण तेव्हा डोकं चालतच नव्हतं. रस्त्याकडेच्या शेतातल्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, "कोण्या गावचे?" आणि मला गावाचं नाव सांगता येईना. त्या माणसाने मला बैलांच्या हौदात बसवलं आणि मोटर चालू करून डोक्यावर पाणी सोडलं. नंतर ग्रामीण रुग्णालयात कळलं, की त्याने जे केलं तेच बरोबर होतं. उन्हात बोलणं भरकटलं, तोल गेला, तर आधी मानेपर्यंत थंड पाण्यात, तोंड पाण्यावर धरून, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हौद आणि मोटर आपल्याकडे बऱ्याच शेतांत असते.

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि घामातलं मीठ कमी होतं. म्हणून मार्चअखेरीस सराव कमी करून हळूहळू वाढवा, आणि मे महिन्यात आठच्या आत घरी या. किती प्यायचं हे वजनावरून काढा. तासाभराच्या धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. सगळा भरून काढायचा आग्रह नको, पण घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहावी. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही वाईट. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

त्याच ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी मला सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करायला सांगितली. आपल्या विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. मग मी भरतीच्या पोरांना घेऊन गेलो, तर त्यातल्या एकाचा 'एएस' आला, म्हणजे वाहक. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा काही त्रास नसतो. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, एकदम जोर लावला तर रक्तपेशी वाकड्या होऊन स्नायू तुटू लागतात, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. त्या पोराने धावणं सोडलं नाही. तो आता हळू सुरुवात करतो, दोन जोराच्या फेऱ्यांमध्ये भरपूर थांबतो, पाय जड वाटले की त्याच क्षणी बसतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. बूट घ्यायच्या आधी ती करून घ्या.

खाण्यासाठी डबेबंद पावडरी लागत नाहीत. माझं वजन ६२ किलो. लांब पल्ल्याच्या माणसाला किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला नव्वद-शंभर ग्रॅम. ५० ग्रॅम सोयाबीन वडीत २५, अर्धा लिटर दुधात १६, दोन अंड्यांत १२, दिवसभरातल्या शंभर ग्रॅम डाळीत २२, ज्वारीच्या भाकरीत वीसेक, मूठभर शेंगदाण्यांत ७. झालं. आपल्या जेवणात कमी असते ती डाळ. पातळ वरणावर भात ओरपून भागत नाही, चून म्हणजे पिठलं आणि घट्ट वरण खा. जेवणासोबत चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा. बायाबापड्यांनी हे विशेष जपावं. सराव वाढवल्यावर मासिक पाळी बंद झाली तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवा आणि ताट वाढवा.

दीड तासाच्या पुढच्या सरावात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड, म्हणजे कर्बोदकं, पोटात गेलं पाहिजे. एका केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम. माझ्या बाटलीत एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ आणि एक लिंबू असतं. पहिल्या वेळी काट्यावर मोजून घ्या. शेंगदाण्याची चिक्की सायकलवर ठीक, धावताना ती पोटात जड होते. शर्यतीच्या सकाळी दोन तास आधी पोहे खावे, तर्री मात्र आदल्या दिवसापासून बंद.

आपल्याकडे थकलं की "एक सलाईन लावून घे" म्हणतात. साखरेच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका केळ्याएवढं. धडधाकट माणसाने त्यासाठी शिरेत सुई टोचून घेऊ नये. दुखण्याची गोळी खाऊन लांब पळणं त्याहून वाईट. घाम गेलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

फवारणीच्या दिवशी माझा सराव पूर्ण बंद असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून पाहिलं. घामेजलेल्या अंगातून औषध जास्त शिरतं, आणि धावताना श्वासही खोल जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीच्या पट्ट्यातून धावायचं असेल तर कोणाच्या शेतात पंप चालू आहे ते आधी विचारा आणि वाट बदला.

झोपेला मी सरावाइतकंच पक्कं धरतो. रात्रीची लाईन असली की दुपारी जेवून दीड तास झोपतो, आणि त्या आठवड्यात जोराचा सराव एकही ठेवत नाही. उठल्याबरोबर खाटेवरच मिनिटभर नाडी मोजतो. माझी एरवी ५२ असते. सलग दोन दिवस ६० च्या वर गेली की त्या दिवशी सुट्टी. नडगीच्या त्या महिन्यात ती ६४ होती, हे जुनी वही चाळताना दिसलं. तेव्हा मी आकडा लिहीत होतो, वाचत नव्हतो. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्याला एक तृतीयांश कमी करायचं, आणि हा चौथा आठवडा शक्यतो रात्रीच्या लाईनशी जुळवायचा.

गोव्याच्या वर्षी सोंगणीला मी आधीच हार्वेस्टर ठरवून ठेवला होता. शर्यतीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत शेतातलं जड काम धाकट्या भावाने केलं, आणि आल्यावर त्याची वेचणी मी केली. हे आधी बोलून घ्यावं लागतं, घरच्यांशी, पेरणीच्या आधी.

सध्या वहीत या आठवड्याच्या शेताच्या रकान्यात लिहिलं आहे : लाईन रात्रीची, हरभरा पहिलं पाणी. सरावाच्या रकान्यात शनिवारची ९० किलोमीटर सायकल खोडून ४० केली आहे.