मिरगाआधी टायटॅनियमची फ्रेम

मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधीचा एक अख्खा रविवार सायकलसाठी राखून ठेवा. आदल्या दिवशीच सामान गोळा करा: दोन बादल्या, भांड्यांचं लिक्विड, मऊ ब्रश, जुना टूथब्रश, फाटक्या बनियनची फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ग्रीस, अँटी-सीझची (दोन धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या लेपाची) छोटी डबी, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), इन्सुलेशन टेप आणि पंक्चर काढून काढून कंटाळलेली एखादी ट्यूब. ती फेकू नका, तिचं काम शेवटी आहे.

फ्रेम धुवायच्या आधी सीटपोस्ट, म्हणजे फ्रेमच्या नळीत बसणारा सीटचा दांडा, काढा. हे मी पहिल्या नंबरावर का टाकतो, तर अंगाशी आलंय म्हणून. टायटॅनियम गंजत नाही या भरवशावर मी ॲल्युमिनियमची पोस्ट दोन पावसाळे हलवलीच नव्हती. तिसऱ्या वर्षी ती जागची हलेना. शेवटी मेकॅनिकने पोस्टचं डोकं वाइसमध्ये आवळलं आणि आम्ही दोघांनी मिळून फ्रेमच जात्यासारखी फिरवली. करकरत निघाली एकदाची. पोस्टवर पांढऱ्या भुकटीचे पोपडे, फ्रेमला मात्र काहीही नाही.

कारण साधं आहे. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, खरवडला तरी हवेत पुन्हा धरतो, आणि समुद्राच्या पाण्यालाही तो दाद देत नाही. पण त्याला जोडलेली पोस्ट, बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या बेअरिंगचे) कप, हेडसेट (हँडल वळतं ती बेअरिंग), बोल्ट हे सगळं दुसऱ्या धातूंचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, की झाली बॅटरी तयार. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि त्याची भुकटी फुगून पोस्ट नळीत पाचरीसारखी बसते. खारट ओल म्हणजे फक्त समुद्र नव्हे, घामसुद्धा. पावसाळाभर घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पेडल मारणाऱ्यांनी हेडसेट आणि स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट एकदा निरखून बघावेत.

तर पोस्टच्या उंचीवर आधी टेपची खूण करा, मग ती बाहेर काढा, नळीत काठीला गुंडाळलेलं फडकं फिरवा, जुनं ग्रीस पुसा, आणि पोस्ट ॲल्युमिनियमची असेल तर अँटी-सीझचा पातळ हात द्या. कार्बनची असेल तर अँटी-सीझ नको, ग्रीसही नको. कार्बनसाठीची पकड देणारी पेस्टच लावायची. पोस्ट आवळणाऱ्या क्लँपवर छापलेल्या आकड्याइतकाच टॉर्क द्या. बीबीच्या आट्यांनाही वर्षातून एकदा हेच करा. हे काम जमत नसेल तर दुकानात न्या, पण अँटी-सीझ लावल्याचं डोळ्यांनी बघा. टायटॅनियमचे बोल्ट टायटॅनियमच्याच आट्यांत कोरडे कधीच पिळू नका, ते एकमेकांना धरतात. बाटलीच्या स्टँडचे स्टीलचे बोल्ट काढून ग्रीस लावून परत बसवा. ‘फ्रेमला गंज आला’ म्हणून जे तांबूस ओघळ दाखवले जातात, ते बहुतेक वेळा या बोल्टांचे असतात.

आता आंघोळ. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, वरून खाली. हेडसेट आणि बीबीवर सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा मारू देऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. बाथरूमचं ॲसिड किंवा गंज काढायची रसायनं सायकलजवळही नकोत. त्यातल्या काहींत फ्लोराइड असतं, आणि ते टायटॅनियमलाही खातं.

ओरखडे काढायचा मोह होतोच. त्याआधी फ्रेमचं फिनिश ओळखा. ब्रश केलेल्या फ्रेमवर बारीक रेघा एका दिशेने दिसतात. तिथे नवी हिरवी घासणी त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवली तर ओरखडा मिसळून जातो. घासणी नवीच हवी. तव्यावर फिरलेली घासणी किंवा तारेची घासणी लोखंडाचे कण मागे ठेवते, मग ते गंजतात. ब्लास्ट केलेल्या (बारीक कणांचा मारा करून केलेल्या) खरखरीत फिनिशवर घासणी लावलीत तर तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो जन्मभर तुमच्याकडे बघतो. ॲनोडाइज केलेल्या निळ्या-जांभळ्या भागाला फडक्याशिवाय काहीच लावू नका, कारण तो रंग म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडी. थर घासला की रंग गेला. बोटांचे ठसे अल्कोहोलने जातात, पण स्टिकर असतील तिथे हात आवरा. तेल किंवा पॉलिश लावायचंच तर फडक्यावर घ्या. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर ब्रेक गेले.

ताम्हिणीचा चिखल असो की कोकणातली वाळू, केबल आणि फ्रेम यांच्यामध्ये शिरली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. घरचाच माणूस घर पोखरतो तो असा.) हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) केबल टेकतात तिथे आणि बॅगेचे पट्टे बसतात तिथे पारदर्शक फिल्म चिकटवा.

पुसून झाल्यावर टॉर्चच्या उजेडात वेल्ड बघा: हेड ट्यूबच्या मागे, बीबीभोवती, सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला. अल्कोहोलने पुसूनही न जाणारी केसाएवढी काळी रेघ, म्हणजे तडा, दिसली तर सायकल चालवू नका, आणि गेट-ग्रिलच्या वेल्डरकडे तर मुळीच नेऊ नका. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून त्याचा जोड आतून-बाहेरून आरगॉन वायू देऊनच करावा लागतो.

राहिली ती ट्यूब. तिचा चार बोटं लांबीचा तुकडा कापा, पोस्टवरून सरकवा आणि क्लँप व नळीची चीर झाकेल असा खाली ओढा. चीर बहुधा मागे असते आणि मागचं चाक नेमकं तिथेच पाणी उडवतं. तरीही थोडं आत जातंच, म्हणून बीबीखालचं पाणी निचरायचं भोक काडीने मोकळं करा. भोक नसेल तर भिजून आल्यावर पोस्ट काढून सायकल रात्रभर उलटी ठेवा.