एमएलआरओ होऊन आखातात जायचंय? मग ही तयारी

एमएलआरओ म्हणजे मनी लाँडरिंग रिपोर्टिंग ऑफिसर, काळा पैसा पांढरा करणं रोखण्याची जबाबदारी असलेला अधिकारी. सुरुवात शहरापासून करू नका, नियामकापासून करा. दुबई म्हटलं की सगळं एकच वाटतं. पण डेरा या जुन्या व्यापारी भागातलं एक्स्चेंज हाउस आणि शेख झायेद रोडवरची बँक संयुक्त अरब अमिरातीच्या सेंट्रल बँकेखाली येतात. डीआयएफसी या दुबईच्या वित्तीय फ्री झोनमधली वेल्थ मॅनेजमेंट कंपनी डीएफएसए या तिथल्या नियामकाखाली येते. दुबईतली क्रिप्टो कंपनी डीआयएफसीच्या बाहेर असेल, तर तिचा नियामक २०२२ मध्ये स्थापन झालेली व्हारा. अबू धाबीच्या एडीजीएम या वित्तीय फ्री झोनमध्ये एफएसआरए, तर सोन्याचे व्यापारी आणि प्रॉपर्टी ब्रोकर यांच्यावर अर्थव्यवस्था मंत्रालयाची (मिनिस्ट्री ऑफ इकॉनॉमी) देखरेख. पदाचं नाव सगळीकडे थोड्याफार फरकानं एमएलआरओ किंवा हेड ऑफ फायनान्शियल क्राइम कम्प्लायन्स. पण रोजचं काम, पगार, आणि मुख्य म्हणजे तुमच्या नावाला मंजुरी देणारं टेबल वेगळं. आपला अनुभव यातल्या कोणत्या टेबलासमोर टिकेल, हे आधी ठरवा आणि मगच अर्ज करा. सरसकट पन्नास ठिकाणी सीव्ही पाठवणारा माणूस या वर्तुळात लगेच ओळखला जातो.

इथंच एक मुद्दा पक्का करून ठेवा, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. डीआयएफसी आणि एडीजीएम यांचे दिवाणी आणि व्यापारी कायदे स्वतंत्र आहेत, कोर्टंही स्वतंत्र. पण देशाचा फौजदारी कायदा तिथंही लागू आहे आणि मनी लाँडरिंगविरोधी कायदा त्यातच मोडतो. ‘फ्री झोन आहे, तिथं वेगळे नियम’ असं उत्तर दिलंत तर मुलाखत पुढं चालू राहील, पण फक्त शिष्टाचार म्हणून.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. बहरीनमध्ये सेंट्रल बँक हाच एकमेव वित्तीय नियामक आणि त्यांची रूलबुक वेबसाइटवर अख्खी वाचायला मिळते. अभ्यासाला यापेक्षा सोपी सुरुवात नाही. कतारमध्ये पुन्हा दोन खिडक्या, सेंट्रल बँक आणि कतार फायनान्शियल सेंटर. सौदी २०१९ मध्ये एफएटीएफचा, म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, असा मान मिळालेला पहिला अरब देश. तिथं कामं भरपूर आहेत, पण वरच्या खुर्च्यांवर स्थानिक माणूस बसवण्याकडे स्पष्ट कल आहे. अमिरातीच्या बँकांमध्येही एमिराटायझेशनचा रेटा आहेच. हा अन्याय नाही, धोरण आहे आणि ते मनाला लावून घेण्यात अर्थ नाही. उलट ‘माझ्या हाताखाली दोन स्थानिक अधिकारी तीन वर्षांत तयार करेन, ते असे’ हे सांगता आलं, तर तुमचं पारडं जड होतं.

आता वाचन. अमिरातीचा २०१८ चा २० क्रमांकाचा कायदा तुम्ही पाठ केला असेल, तर तो जुना झाला. ऑक्टोबर २०२५ पासून २०२५ चा १० क्रमांकाचा कायदा लागू आहे. सीव्हीत जुन्या कायद्याचा उल्लेख तसाच राहिला, तर वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. त्याबरोबर एफएटीएफचा एप्रिल २०२० मधला अमिरातीवरचा मूल्यांकन अहवाल काढा. मार्च २०२२ मध्ये देश एफएटीएफच्या ग्रे लिस्टमध्ये (जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत) का गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर कसा आला, हे त्या अहवालाशिवाय समजत नाही. कायदा कागदावर बराचसा ठीक होता. दुखणं अंमलबजावणीत होतं: मोठ्या मनी लाँडरिंगचे खटले कमी, परदेशांना दिलं जाणारं सहकार्य तोकडं, कंपन्यांचे खरे मालक कोण हे शोधणं अवघड, आणि सोने व्यापार व रिअल इस्टेटवर देखरेख नुकतीच सुरू झालेली. गेल्या काही वर्षांत तिथं या खात्यात इतकी भरती का झाली, याचं उत्तर याच पानांत आहे. एफएटीएफच्या मूल्यांकनाची नवी फेरी २०२६ ची आहे, त्यामुळे वरच्या पदासाठी बोलावणारा प्रत्येक जण मनात एकच हिशेब करत असतो: निरीक्षक समोर बसले तर हा माणूस किंवा ही बाई उत्तरं देऊ शकेल का?

या तयारीतलं सगळ्यात जड काम आता येतं, म्हणून इथं जरा थांबतो. परदेशी बँकांच्या पुण्या-मुंबईतल्या ग्लोबल सेंटरांत दहा-बारा वर्षं काढलेली हुशार मंडळी आखातात अडतात ती ज्ञानामुळे नव्हे. खराडीत किंवा मालाडला बसून त्यांनी संशयास्पद व्यवहारांचे हजारो अलर्ट पाहिलेले असतात, टीम सांभाळलेल्या असतात, डॅशबोर्ड हिरवे ठेवलेले असतात. पण खातं बंद करायचं का, एसटीआर (संशयास्पद व्यवहाराचा अहवाल) पाठवायचा का, हा शेवटचा निर्णय लंडनला किंवा सिंगापूरला व्हायचा. एमएलआरओची खुर्ची म्हणजे तोच शेवटचा निर्णय. तेव्हा अर्जाच्या आधी किमान वर्षभर असं काम मागून घ्या, ज्याखाली तुमची सही असेल. संस्थेचं एकूण जोखीम मूल्यांकन लिहा, बोर्डाच्या समितीपुढं स्वतः मांडा, नियामकाच्या तपासणीत समोर बसा, एखादं प्रॉडक्ट थांबवा. भारतीय बँकेत किंवा एनबीएफसीत (बिगरबँक वित्तीय कंपनीत) पीएमएलए या आपल्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली प्रिन्सिपल ऑफिसर, म्हणजे असे अहवाल पाठवण्याला जबाबदार अधिकारी, होण्याची संधी आली, तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. हे अहवाल घेणाऱ्या एफआययू-इंडिया या सरकारी यंत्रणेकडे नोंदलेलं स्वतःचं नाव दुबईच्या मुलाखतीत मोठ्या बँकेतल्या व्हाइस प्रेसिडेंटच्या पाटीपेक्षा जास्त बोलतं. गुजरातच्या गिफ्ट सिटीतली आयएफएससी (आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र) युनिट ही मधली पायरी म्हणून चांगली. तिथला नियामक वेगळा, व्यवहार परकीय चलनातले, आणि टीम लहान असल्यानं जबाबदारी अंगावर येते.

मग आखाताची स्वतःची जोखीम समजून घ्या. यात मुंबईच्या माणसाला खरं तर आघाडी आहे, ती तो वापरत नाही एवढंच. झवेरी बाजार ते डेऱ्याचा गोल्ड सूक ही वाट जुनी आहे. हवाला कसा चालतो, पावतीवर लिहिलेलं वजन आणि पेटीतलं वजन का जुळत नाही, कस्टम ड्युटी वाढली की तस्करी का वाढते, हे आपल्याकडे पेपर वाचून वाढलेल्यालाही माहीत असतं. पण तिथली रचना शिका. हवाला तिथं सरसकट बेकायदा नाही, सेंट्रल बँकेकडे नोंदणी करून हवालादार म्हणून धंदा करता येतो. आपल्याकडच्या सवयीनं ‘हवाला म्हणजे गुन्हा’ म्हणालात, की पितळ उघडं पडतं. सोन्याच्या व्यापाऱ्यानं ५५,००० दिरहम किंवा त्याहून जास्त रोख घेतली की गोएएमएलवर अहवाल द्यावा लागतो. गोएएमएल ही संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओडीसीनं तयार केलेली प्रणाली, त्यामुळे एफआययू-इंडियाला अहवाल पाठवायच्या भारतातल्या फिननेटची सवय तिथं थेट कामी येत नाही. स्क्रीनचे नमुने आणि अहवालांचे प्रकार आधी बघून ठेवा.

निर्बंधांचा भाग वेगळा वाचा, कारण तिथं घड्याळ लागलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत किंवा अमिरातीच्या स्थानिक दहशतवादी यादीत ग्राहकाचं नाव पक्कं जुळलं, तर चोवीस तासांच्या आत पैसे गोठवायचे आणि पाच कामकाजी दिवसांत कळवायचं. नाव अर्धवट जुळलं, तर अहवाल वेगळा. आता मोहम्मद हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात, ‘बिन’ आणि ‘अल’ कुठं गळतात, आडनाव म्हणून काय भरलं जातं, याचा विचार करा, म्हणजे नावं जुळवणाऱ्या स्क्रीनिंग सॉफ्टवेअरची पट्टी सैल ठेवली तर टीम बुडते आणि घट्ट केली तर खरा माणूस निसटतो, हे लक्षात येईल. ‘आमच्याकडे व्हेंडरनं सेट करून दिलं होतं’ हे उत्तर वरच्या पदाला चालत नाही. ओफॅकची (अमेरिकी सरकारची) निर्बंध यादी स्थानिक कायद्याचा भाग नाही, पण डॉलर न्यूयॉर्कमधून फिरतो आणि तिथं तुमचे व्यवहार करून देणाऱ्या करस्पॉन्डंट बँकेनं हात काढून घेतला तर कायद्याची कलमं सांगून उपयोग नसतो.

प्रमाणपत्रांवर फार शब्द घालवत नाही. कॅम्स हे मनी लाँडरिंगविरोधी कामाचं प्रमाणपत्र असू द्या, नसेल तर जाहिरातीच्या पहिल्याच चाळणीत अडकाल. आयसीएचा (इंटरनॅशनल कम्प्लायन्स असोसिएशन) डिप्लोमा असेल तर उत्तम. चौथं, पाचवं प्रमाणपत्र जोडत बसणं हा निर्णय पुढं ढकलण्याचा सभ्य मार्ग आहे. अरबी येत नसेल तर बिघडत नाही, पण ट्रेड लायसन्स आणि एमिरेट्स आयडीवरचा मजकूर ओळखण्यापुरती लिपी शिकलात तर कामाला येते.

कागदपत्रं मात्र आजच सुरू करा. अमिरात आणि कतार अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांची कागदपत्रं मान्य करणाऱ्या देशांत, नाहीत. त्यामुळे पदवी विद्यापीठाकडून पडताळून घेणं, राज्य सरकारचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि तिथं पोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं, अशी लांबलचक साखळी आहे. सौदी, बहरीन आणि ओमानला अपोस्टिल चालतं. विद्यापीठातल्या खिडकीवर किती हेलपाटे पडतील हे कुणीच सांगू शकत नाही, आणि १९९८ ची मार्कशीट सापडत नसेल तर आणखीच. पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागेल. पासपोर्ट, पदवी आणि सीव्ही या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का बघा. आडनाव, वडिलांचं नाव, लग्नानंतर बदललेलं नाव यांचा आपल्याकडे जो गोंधळ असतो, तो नियामकाकडे मंजुरीसाठी करायच्या अर्जात महिनाभर खातो.

त्या अर्जाचं असं आहे की तो नोकरीचा अर्ज नसतो, तुमच्या चारित्र्याची चौकशी असते. कधी दिवाळखोरी, कधी फौजदारी तक्रार, कुठल्या नियामकाची ताकीद, जिथं तुम्ही वरच्या पदावर होतात त्या संस्थेला झालेला दंड, सगळं विचारतात. लपवू नका. जुन्या संस्थेला दंड झाला आणि तुम्ही तेव्हा तिथं होतात, तर तुमचा त्यातला वाटा काय होता हे एका पानात, तारखांसह लिहून ठेवा. डीएफएसए दंडाचे निर्णय कारणांसह जाहीर करते. २०२२ मध्ये बँक ऑफ सिंगापूरच्या डीआयएफसी शाखेला आणि २०२३ मध्ये मिराबोला झालेल्या दंडाचे निर्णय वाचा. कोणत्या ईमेलमध्ये कुणी काय दुर्लक्षलं इथपर्यंत तपशील असतो. अभ्यासक्रमाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला ती पानं जास्त उपयोगी वाटतात.

मुलाखतीसाठी तीन प्रसंग तयार ठेवा: धंद्याच्या विरोधात गेलेला एक निर्णय, उशिरा लक्षात आलेली एक जोखीम, आणि मतभेद होऊन शेवटी तुम्ही ऐकलंत असा एक. ग्राहकाचं नाव, खातं, शहरसुद्धा बदलून सांगा. एसटीआरची गुप्तता नोकरी सोडल्यावर संपत नाही. उत्साहाच्या भरात जुन्या बँकेतली खरी केस नावानिशी सांगणारा उमेदवार तिथल्या तिथं बाद होतो आणि झालाच पाहिजे. मुलाखतीत सोडवायला केस बहुतेक सोन्याची किंवा प्रॉपर्टीची देतात. फ्री झोनमधली सहा महिन्यांपूर्वीची कंपनी, रोख मोठी, मालक तिसऱ्याच देशात, आणि ग्राहक आणणारा संचालकांच्या ओळखीतला. ‘एसटीआर पाठवेन’ एवढं म्हणून थांबू नका, ते सगळेच म्हणतात. अहवाल गेल्यावर खातं चालू ठेवणार का, रिलेशनशिप मॅनेजरला काय सांगणार आणि काय नाही, सीईओनं फोन केला तर फाइलमध्ये काय नोंदवणार, इथंच ते तुम्हाला तपासत असतात. ग्राहकाला सुगावा लागू देणं हा तिथं तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

आणि मग तुम्ही त्यांना तपासा. शेवटची तपासणी कधी झाली, कोणते मुद्दे अजून उघडे आहेत, आधीचा एमएलआरओ का गेला, अलर्टची थकबाकी किती दिवसांची, बोर्डाच्या समितीला सीईओच्या गैरहजेरीत भेटता येतं का, संचालक आणि अधिकाऱ्यांच्या विम्यात तुमचं नाव येतं का. ‘हे सगळं जॉइन झाल्यावर बोलू’ असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, मी तरी जाणार नाही. थकबाकी त्यांची असली तरी सही तुमची असणार आहे.

करारात मूळ पगाराकडे बघा. अमिरातीत ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार आणि पुढं तीस दिवसांचा, म्हणजे भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवला की नुकसान तुमचं. डीआयएफसीत ग्रॅच्युइटीऐवजी दरमहा जमा होणारी योजना आहे. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. घरभाडं बऱ्याचदा पुढच्या तारखांच्या मोजक्या चेकांनी भरावं लागतं, तेव्हा सुरुवातीची रक्कम हाताशी हवी. मुलांना सीबीएसई शाळेत घालायचं तर वर्ष एप्रिलला सुरू होतं, हे जॉइनिंगची तारीख ठरवताना बोला. व्हिसा किंवा ‘प्रोसेसिंग’साठी पैसे मागणारा एजंट खोटा समजा. या क्षेत्रातल्या माणसानं तिथं फसणं म्हणजे कमालच. आणि रहिवासी दर्जा बदलल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, नाहीतर फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) भंग करणारा कम्प्लायन्स हेड म्हणून तुमचीच गंमत व्हायची.

राजीनाम्याची घाई नको. ऑफर लेटर हाती आलं तरी नियामकाची मंजुरी यायला आठवडे, कधी महिने लागतात आणि ती आल्याशिवाय पद तुमचं नाही. ‘नियामकाच्या मंजुरीच्या अधीन’ हे वाक्य ऑफरमध्ये असतंच. त्यामुळे नोटीस पिरियडची तारीख त्याला बांधून मागा, नाहीतर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होईल. मंजुरी आली की इथला कारभार लेखी सोपवा: उघडे अलर्ट, विचाराधीन एसटीआर, एफआययूची उत्तर न दिलेली पत्रं, एकेक ओळ आणि समोरच्याची पोच. प्रिन्सिपल ऑफिसर असाल, तर एफआययू-इंडियाच्या नोंदीत तुमचं नाव बदलल्याची खात्री करूनच विमानाचं तिकीट काढा.