खुब्याचे हाड मोडल्यावर हृदयाची तपासणी: या चुका टाळा

वयस्कर व्यक्ती घरात पडते, पाय आखूड होऊन बाहेरच्या अंगाला वळतो, एक्स-रेमध्ये खुब्याचे हाड मोडलेले दिसते आणि दाखल होताच नातेवाइकांपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळे एकच विचारतात: हृदयाला हे ऑपरेशन सोसेल का? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्यात जे दिवस जातात, त्या दिवसांत रुग्ण पाठीवर पडून असतो, छातीत कफ साठतो, पायांतील शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि वेदना व रक्तस्राव यांमुळे ज्या हृदयाची काळजी घेतली जात असते, त्याच्यावरच ताण येत राहतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2011 मध्ये अशी शस्त्रक्रिया दाखल झालेल्या किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी करावी असे सांगितले. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना 24 ते 48 तासांची मुदत सुचवते. हृदयाची तपासणी या मुदतीत बसवायची असते; तपासणीसाठी मुदत वाढवत नेणे हीच बहुतेक चुकांची सुरुवात आहे.

घाई म्हणजे धावपळ नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. 17 देशांत 2970 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ या चाचणीत एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण 6 तासांत, तर दुसऱ्या गटाची साधारण 24 तासांत झाली. 90 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे 9 आणि 10 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. मात्र लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये भ्रम होण्याचे प्रमाण कमी होते. खऱ्या कारणासाठी काही तास थांबल्याने फारसे बिघडत नाही, असा याचा अर्थ घेता येतो. कारणाशिवाय तीन-चार दिवस थांबण्याला मात्र यातून आधार मिळत नाही.

पडण्याचे कारण न विचारणे

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे पडताना पाहणाऱ्या माणसाशी बोलणे. ‘पाय घसरला’ असे केसपेपरवर लिहिलेले असते, पण ते कोणी सांगितले, हे बहुधा लिहिलेले नसते. पडण्यापूर्वी डोळ्यांसमोर अंधारी आली होती का, छातीत धडधड झाली होती का, पडल्यावर काही क्षण शुद्ध हरपली होती का, आधार घेण्यासाठी हात पुढे आला होता की माणूस ओंडक्यासारखा कोसळला, हे प्रश्न दहा मिनिटांत विचारून होतात. शुद्ध हरपून पडलेल्या रुग्णाच्या ईसीजीमध्ये पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोहोचणे, निघाला, तर आधी तात्पुरता पेसमेकर बसवण्याचा विचार करावा लागतो. पडणे श्रमाच्या वेळी झाले असेल आणि छातीवर स्टेथोस्कोपने कर्कश मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येत असेल, तर महाधमनीची झडप अरुंद झाली आहे का, हे पाहावे लागते. ईसीजी प्रत्येकाचा काढतातच. तो या हकिकतीशी ताडून वाचायचे तेवढे राहून जाते.

‘इको झाल्याशिवाय भूल नाही’

आपल्याकडे सर्वाधिक वेळ टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, प्रतीक्षेत जातो. शनिवारी दुपारी दाखल झालेल्या रुग्णाचा इको सोमवारी होतो, त्यावर हृदयरोगतज्ज्ञांचा शेरा मंगळवारी मिळतो आणि तोपर्यंत शस्त्रक्रियागृहातील पाळी दुसऱ्याला गेलेली असते. ब्रिटन व आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याच्या कारणांची यादी केली, तेव्हा इकोची वाट पाहणे हे कारण तिने अग्राह्य ठरवले. ग्राह्य कारणांमध्ये हिमोग्लोबिन 8 पेक्षा कमी असणे, सोडियम 120 पेक्षा कमी किंवा 150 पेक्षा जास्त असणे, पोटॅशियम 2.8 पेक्षा कमी किंवा 6 पेक्षा जास्त असणे, हृदय अचानक निकामी होऊन धाप लागणे आणि सुधारता येण्याजोग्या अनियमित ठोक्यांची गती मिनिटाला 120 च्या वर असणे, यांचा समावेश होता. ही यादी तोंडपाठ असण्यापेक्षा तिच्यामागचा विचार लक्षात घ्यावा. काही तासांत दुरुस्त करता येईल अशाच गोष्टीसाठी थांबायचे.

इको निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. झडपेच्या आजाराचा संशय असेल किंवा धाप नव्याने सुरू झाली असेल, तर खाटेशेजारीच केलेला थोडक्यातला इको भूल देण्याची पद्धत बदलू शकतो. महाधमनीची झडप खूपच अरुंद असेल, तर कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी पाठीत एकदम पूर्ण मात्रेचे इंजेक्शन दिल्याने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. म्हणून धमनीत नळी घालून रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष ठेवले जाते आणि तो वाढवणारे औषध हाताशी ठेवले जाते. शस्त्रक्रिया मात्र सहसा रद्द होत नाही. हृदयाची पंपिंग क्षमता 40 टक्के आली म्हणून मोडलेले हाड तसेच ठेवता येत नाही, आणि 60 टक्के आली म्हणून धोका संपतही नाही. म्हणून इको मागवणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे की, अहवाल काहीही आला तरी आपण करणार तेच असू, तर तो कशासाठी हवा आहे?

स्ट्रेस टेस्ट आणि अँजिओग्राफी यांबाबत हा प्रश्न आणखी नेटाने विचारावा. स्थिर हृदयविकार असलेल्यांमध्ये रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी अडथळे दूर करून जीव वाचतात का, हे 2004 च्या एका चाचणीत तपासले गेले आणि फायदा आढळला नाही. शिवाय नवा स्टेंट बसवला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात आणि हाडाची शस्त्रक्रिया आणखी अवघड होऊन बसते. नुकताच बसवलेला स्टेंट, विश्रांतीतही दुखणारी छाती, नवा हार्ट ब्लॉक, आटोक्यात नसलेली धाप, अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला तातडीने घ्यावाच. पण त्यांना ‘फिटनेस द्यावा’ एवढेच न लिहिता नेमका प्रश्न लिहावा.

गुणांवर भिस्त

शस्त्रक्रियेत हृदयाला किती धोका आहे, हे गुणांत सांगणारा, 1999 मध्ये मांडलेला सुधारित हृदय-जोखीम निर्देशांक सहा प्रश्नांवर चालतो. तो प्रामुख्याने नियोजित शस्त्रक्रियांच्या रुग्णांवरून तयार झाला आणि त्यात वय, रक्तक्षय किंवा स्मृतिभ्रंश यांना जागा नाही. त्यामुळे नव्वदीच्या आजींना शून्य गुण मिळाले, तरी त्यांचा धोका शून्याजवळ येत नाही. खुब्याच्या अस्थिभंगासाठी नॉटिंगहॅमचा निर्देशांक अधिक जवळचा आहे. दोन जिने चढता येतात का, हा नेहमीचा प्रश्नही येथे फसवा ठरतो, कारण गुडघेदुखीमुळे वर्षानुवर्षे जिना न चढलेल्या व्यक्तीला दम कधी लागतच नाही.

गोळ्यांचा घोळ

बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) नियमित चालू असेल, तर तो अचानक बंद करणे ही चूक. आणि चालू नसताना शस्त्रक्रियेच्या दिवशी मोठ्या मात्रेत सुरू करणे ही त्याहून मोठी चूक. 2008 च्या ‘पॉइज’ चाचणीत असे केल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. वॉर्डात अनेकदा दिसणारे चित्र असे: नाडी अनियमित, ठोके 130, सगळ्यांची धावपळ. चौकशी केली की कळते, पडल्यापासून सकाळ-रात्रीची गोळी कोणी दिलेलीच नाही, लघवीला उठवावे लागेल म्हणून पाणीही बेताने दिले आहे आणि वेदनाशामक म्हणून फक्त पॅरासिटामॉल चालू आहे. सलाइन, जांघेत मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, पोटॅशियमची दुरुस्ती आणि चुकलेली गोळी, एवढ्यावर बऱ्याच वेळा गती खाली येते.

ॲस्पिरिनचा परिणाम उतरण्यासाठी थांबू नये. क्लोपिडोग्रेल या गुठळ्या रोखणाऱ्या गोळीसाठीही पाच-सात दिवस थांबण्याऐवजी पाठीतील इंजेक्शन टाळून पूर्ण भूल देण्याचा मार्ग असतो. वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीचा परिणाम व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतो. नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठी शेवटची गोळी कधी घेतली आणि मूत्रपिंडाचे काम कसे आहे, हे पाहून वेळ ठरवतात. मधुमेहासाठी आणि आता हृदयासाठीही दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी 3 दिवस बंद करतात. येथे तेवढा वेळ नसतो, म्हणून साखर फार वाढलेली नसली तरी रक्तातील किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लयुक्त पदार्थ) तपासावेत.

शस्त्रक्रिया झाली, लक्ष सुटले

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हृदयाला होणारी इजा बहुधा मुकी असते. वेदनाशामकांमुळे छातीत दुखतच नाही. अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, ऑक्सिजन कमी होणे, रक्तदाब उतरणे, एवढेच दिसते आणि ते वयावर ढकलले जाते. धोका जास्त असलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर 48 ते 72 तासांपर्यंत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) पाहिले, तर ही इजा वेळीच पकडता येते. सिमेंट वापरून सांधा बसवला असेल, तर सिमेंट भरतानाच रक्तदाब व ऑक्सिजन घसरू शकतो; म्हणून हृदय कमजोर असल्याची माहिती अस्थिशल्यचिकित्सकांनाही आधी असायला हवी.

थांबवलेल्या गोळ्यांची यादी केसपेपरवर वेगळी लिहावी आणि प्रत्येक गोळीपुढे ती पुन्हा कधी व कोणी सुरू करायची, हेही लिहावे. घरी सोडताना ही यादी नातेवाइकांकडून वाचून घ्यावी, कारण रक्त पातळ करणारी जुनी गोळी पुन्हा सुरू करायची राहिली आहे, हे अनेकदा पुढच्या भेटीतच लक्षात येते.