स्वभावप्रकारावरून अभ्यासाचा विषय ठरवताना या चुका टाळा

व्यक्तिमत्त्व चाचणीच्या निकालात आलेली स्वभावप्रकाराची चार अक्षरे (उदाहरणार्थ INTJ) पाहून पदवीचा विषय ठरवणारे विद्यार्थी, आणि तो निकाल प्रमाण मानून त्यांना सल्ला देणारे पालक, दोन्ही आता नवलाचे राहिलेले नाहीत. चाचणी देण्यात गैर काही नाही; घोळ होतो तो निकाल वाचताना. विषयाची आवड असणे आणि त्या विषयात गती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वभावाचे नाते पहिलीशी बऱ्यापैकी जुळते, दुसरीशी मात्र ते बरेच सैल असते.

निकालाला कुवतीचा दाखला समजणे

सर्वांत अधिक नुकसान करणारी चूक हीच. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांच्या कल्पनेवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी ही चार अक्षरे देणारी, सोळा प्रकारांची प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली तयार केली. तीत एकही गणित सोडवायचे नसते, एकही उतारा समजून घ्यायचा नसतो. तुम्हाला काय करायला आवडते, एवढेच विचारलेले असते. त्यामुळे ‘मी अंतर्मुख आणि तर्कप्रधान निघालो, म्हणजे मला भौतिकशास्त्र जमेल’ हा निष्कर्ष त्या उत्तरांमधून निघूच शकत नाही. कुवतीचा अंदाज हवा असेल तर भाषिक, संख्यात्मक आणि अवकाशीय तर्काची अभिक्षमता चाचणी वेगळी द्यावी, एका परीक्षेऐवजी अनेक परीक्षांमधील गुणांचा कल पाहावा, आणि विषयातील अवघड भाग समजावून घेतल्यावर आपली प्रगती किती वेगाने होते याकडे लक्ष द्यावे. शेवटचा निकष कोणत्याही छापील निकालात नसतो, पण माझ्या मते तोच सर्वांत भरवशाचा आहे.

अक्षर पाहणे, गुणांक न पाहणे

अंतर्मुख आणि बहिर्मुख असे माणसांचे दोन स्पष्ट गट नसतात. बहुतेकांचे गुण मधल्या भागात येतात आणि तिथेच रेघ ओढून अक्षर दिले जाते. रेघेच्या किंचित अलीकडचा आणि किंचित पलीकडचा विद्यार्थी एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असूनही त्यांना विरुद्ध अक्षरे मिळतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यास अनेकांचे एखादे अक्षर बदललेले असते. असे झाले तर गोंधळून जाऊ नये. बदललेले अक्षर विषयनिवडीच्या विचारातून सरळ वगळावे. शक्य असल्यास पंचघटक प्रतिमानावर आधारलेली चाचणी द्यावी, कारण तीत खुलेपणा (नव्या कल्पना आणि अनुभवांची ओढ), कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता हे पाच गुणधर्म कमी-अधिक प्रमाणात मोजले जातात, प्रकारांच्या कप्प्यांत टाकले जात नाहीत.

वर्णन ‘अगदी माझेच’ वाटते, हाही पुरावा नव्हे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिगत म्हणून प्रत्यक्षात एकच वर्णन दिले होते, आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. याची पडताळणी सोपी आहे: आपले वर्णन आणि दुसऱ्या दोन प्रकारांची वर्णने नावे झाकून जवळच्या मित्राला द्यावीत आणि तुमचे कोणते ते त्याला ओळखायला सांगावे.

आवड शोधण्यासाठी चुकीचे साधन वापरणे

अभ्यासाची आवड शोधायची असेल, तर थेट आवड विचारणारी प्रश्नावली स्वभावाच्या प्रश्नावलीपेक्षा उपयोगी ठरते. जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या सिद्धांतात आवडीचे सहा गट आहेत: प्रत्यक्ष हाताने काम करण्याचा, शोध घेण्याचा, कलेचा, माणसांना मदत करण्याचा किंवा शिकवण्याचा, उद्यमाचा आणि नेटक्या व्यवस्थेचा. स्वभावाचे पाच गुणधर्म आणि हे सहा गट ताडून पाहणाऱ्या संशोधनातून आलेले चित्र असमान आहे. खुलेपणा आणि कलेची आवड यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच नाते नाही, 1 म्हणजे पूर्ण नाते) सुमारे 0.5 आहे, बहिर्मुखता आणि उद्यमाची आवड यांचा सुमारे 0.4, खुलेपणाचा शोधवृत्तीशीही संबंध आहे, पण त्याहून कमी. हाताने काम करण्याच्या आवडीचे मात्र पाचांपैकी कोणत्याही गुणधर्माशी लक्षात घेण्याजोगे नाते दिसत नाही. ज्या मुलीला यंत्रे उघडून जोडण्यात किंवा प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळण्यात गोडी आहे, तिची ती गोडी स्वभावाच्या चाचणीत उमटतच नाही, आणि तेवढ्यावरून ‘तंत्रशिक्षण तुझ्यासाठी नाही’ असे तिला सांगितले जाते. इथे दोष चाचणीचा नसतो. चाचणीला जे विचारायचेच नव्हते त्याचे उत्तर चाचणीत शोधणाऱ्याचा असतो.

सरासरीला नियम मानणे हीदेखील याच जातीची चूक. कला आणि मानव्यविद्या शिकणाऱ्यांमध्ये खुलेपणा सरासरीने अधिक आढळतो हे खरे, परंतु प्रत्येक विषयात सर्व स्वभावांची माणसे असतात. कायद्याचा अभ्यास म्हणजे केवळ न्यायालयातील युक्तिवाद नव्हे. त्यात शांतपणे मसुदे लिहिण्याचे आणि जुने निवाडे वाचण्याचे कामही भरपूर असते, त्यामुळे अबोल विद्यार्थ्याने तो विषय केवळ स्वभावापोटी सोडू नये.

गुण कमी पडले की विषयच चुकला असे समजणे

आर्थर पोरोपॅट यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणात कर्तव्यदक्षता आणि शैक्षणिक यश यांचा सहसंबंध सुमारे 0.22 आढळला, आणि तो बुद्धिमत्तेपासून बराचसा स्वतंत्र होता. वेळेवर बसणे, अपुरे काम पुरे करणे, उजळणी न टाळणे या सवयी कोणत्याही एका विषयाच्या मालकीच्या नसतात. म्हणून आवड असूनही गुण कमी येत असतील, तर विषय बदलण्याआधी अभ्यासाची घडी आणि परीक्षेची भीती या दोन गोष्टी तपासाव्यात. मात्र 0.22 या आकड्याचा वर्ग केला तर गुणांमधील फरकाचा जेमतेम पाच टक्के भाग त्यातून समजतो, हेही विसरू नये.

याउलट गुण उत्तम आहेत आणि प्रश्नावली ‘आवड नाही’ म्हणते, अशी अडचणही अनेकांना येते. अशा वेळी त्या विषयाशी आपली खरी ओळख झाली आहे का, हे आधी पाहावे; जो विषय कधी हाताळलाच नाही त्याविषयीच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. आवड बहुधा एखाद्या प्रसंगाने चाळवते, टिकली तर रुजते आणि मग स्वतःहून प्रश्न विचारू लागते. त्यामुळे त्या विषयाचे प्रवेशस्तरावरील एखादे प्रकरण निवडून काही आठवडे त्यातील उदाहरणे स्वतः सोडवावीत, आणि नेमून दिलेल्यापेक्षा अधिक काही आपण आपणहून वाचतो आहोत का, याची नोंद ठेवावी.